वाळपई ते पणजी, रोज नव्वद किलोमीटर: एका इलेक्ट्रिक गाडीचं प्रकरण

२०२५ च्या जानेवारीत एका रात्री दहा वाजता भावोजींचा फोन आला. “गाडी आणली, पूजा झाली, पेढे वाटून झाले, आणि आता चार्जच होत नाही रे. चार्जरवर लाल दिवा लागतोय.” शोरूमचा माणूस दुपारीच पंधरा अँपिअरचा सॉकेट बसवून गेला होता. त्याला फोन केला तर तो म्हणाला, दोष तुमच्या घरच्या विजेत आहे. लाइनमनला विचारलं तर तो म्हणाला, खांबापर्यंत सगळं व्यवस्थित आहे. दोघंही खरं बोलत होते, पण गाडी उभीच होती आणि भावोजींना सकाळी साडेसातला पणजीला निघायचं होतं.

मी फोंड्यात बावीस वर्षं वायरिंगची कामं घेतो. मी एवढंच विचारलं, “सॉकेट पडवीतल्या जुन्या बोर्डावरूनच ओढलाय ना?” ते हो म्हणाले. “मग आज रात्री काही करू नका. कुणाला हातही लावू देऊ नका. उद्या संध्याकाळी मी येतो.”

इलेक्ट्रिक गाडी परवडते का, पेट्रोलपेक्षा सोयीची आहे का, हे मला आता आठवड्यातून दोनदा तरी कुणीतरी विचारतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं. म्हणून हे एकच प्रकरण, जे मी सुरुवातीपासून जवळून पाहिलं, ते सविस्तर मांडतो आहे. ताई आणि भावोजींची परवानगी घेतली आहे.

ताईचं सासर वाळपईजवळच्या एका गावात, कुळागराला, म्हणजे माड-पोफळीच्या बागेला लागून. चिऱ्यांचं जुनं घर, पुढे पडवी, अंगणात तुळस, मागे न्हाणी आणि तिचं पाणी माडांच्या आळ्यांत सोडलेलं. भावोजी पणजीत नोकरीला. होंडा, साखळी, आमोणे, खांडोळा, माशेल, बाणस्तारी, जुने गोवे असा त्यांचा रोजचा रस्ता, एकेरी ४५ किलोमीटर. बस आहे, पण बदलत जावं लागतं आणि संध्याकाळी घरी पोचायला आठ वाजतात. म्हणून गेली बारा वर्षं ते पेट्रोलवरच्या छोट्या गाडीने जात होते. ती लिटरला १६ किलोमीटर द्यायची. महिन्याचे २५ दिवस, रोज ९०, म्हणजे २,२५० किलोमीटर. गोव्यात पेट्रोल लिटरला ९७ रुपयांच्या आसपास धरलं तर १४० लिटर, महिन्याला साडेतेरा हजारांच्या वर. ताई म्हणायची, “पगारातला एक वाटेकरी पंपावर उभा असतो.”

गाडी घेण्याआधी भावोजी माझ्याकडे हिशेबाला बसले होते. कंपनीच्या माहितीपत्रकात एका चार्जमध्ये ३१५ किलोमीटर लिहिलेलं, बॅटरी २४ युनिटची. मी त्यांना सांगितलं, तो आकडा विसरा. ती चाचणी ठरावीक सौम्य वेगाने, एसी बंद ठेवून होते. आपल्याकडे मे महिन्यात एसीशिवाय कोण गाडी चालवतं? तुम्ही युनिटला आठ किलोमीटर धरा. म्हणजे पूर्ण बॅटरीवर १९० च्या आसपास. तुम्हाला लागतात ९०. चालेल.

दुसरी गोष्ट, गाडीत आठ किलोमीटर पडले तरी घरच्या मीटरवर तेवढे पडत नाहीत. भिंतीतून निघालेली वीज बॅटरीत शिरेपर्यंत दहा-बारा टक्के चार्जरच्या उष्णतेत जाते. म्हणून मीटरच्या युनिटला सातच धरायचे. आणि तिसरी, जी बहुतेकजण चुकतात: घरगुती वीज टप्प्याटप्प्याने महाग होते. फ्रीज, पंखे, पंप, मिक्सर यांनी खालचे स्वस्त टप्पे आधीच खाल्लेले असतात. गाडीची ३२० युनिटं वरच्या टप्प्यातच पडणार. बिलाची रक्कम भागिले युनिट असा सरासरी दर काढून गाडीचा हिशेब करणं ही स्वतःची फसवणूक आहे. मी मुद्दाम चढा, युनिटला सात रुपये दर धरला. गोव्यात वीज तशी स्वस्त. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ३०० युनिटांच्या वर गेलं की दर यापेक्षा कितीतरी चढा लागतो, तेव्हा सावंतवाडीच्या पाहुण्याने माझा हा आकडा तसाच उचलू नये.

मीटरच्या युनिटला सात किलोमीटर आणि युनिटला सात रुपये, म्हणजे किलोमीटरला एक रुपया. पेट्रोलला सहा. फरक पाच रुपयांचा.

हा पाचाचा आकडा हाती आला की बाकी गणित सोपं होतं. त्या वेळच्या कोटेशनांत त्याच आकाराची पेट्रोल गाडी आणि ही इलेक्ट्रिक यांत रस्त्यावर येईपर्यंत तीन लाखांचं अंतर होतं. तीन लाख भागिले पाच, साठ हजार किलोमीटर. भावोजी वर्षाला सत्तावीस हजार चालवतात. सव्वादोन वर्षांत अंतर भरून निघतं. विमा थोडा जास्त पडतो, कारण गाडीची किंमतच जास्त. थर्ड पार्टीच्या हप्त्यात इलेक्ट्रिकला १५ टक्के सूट आहे, पण मोठा भाग असतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा. उलट बाजूला इंजिन ऑइल नाही, क्लच नाही, आणि ब्रेक पॅड फारच सावकाश झिजतात. मी सगळं धरून अडीच वर्षं म्हटलं. बॅटरीची हमी आठ वर्षांची किंवा १,६०,००० किलोमीटरची, जे आधी होईल ते. भावोजींच्या रोजच्या धावेने सहा वर्षांतच किलोमीटरची मर्यादा येणार, हेही त्यांना तेव्हाच सांगितलं. तरी हमीच्या आत पैसे दुपटीहून जास्त वसूल होतात.

कागदावर सगळं जमलं. आणि पहिल्याच रात्री लाल दिवा.

दुसऱ्या दिवशी मी पोचलो तोवर गावातला एक ओळखीचा वायरमन येऊन बसला होता. त्याने उपाय सांगितला, “दोन मिनिटांचं काम आहे. सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो, दिवा हिरवा होतो. मी तीन ठिकाणी केलंय.” त्या तीन घरांचा विचार मनातून जात नाही. गाडीचा चार्जर विजेला हात घालण्याआधी अर्थिंग, म्हणजे गळालेली वीज जमिनीत उतरवणारी जोडणी, तपासतो. अर्थ सापडला नाही तर चार्ज करायला नकार देतो. तो लाल दिवा हा बिघाड नव्हता, तो पहारेकरी होता. न्यूट्रलला अर्थ जोडला की पहारेकऱ्याचे डोळे बांधले जातात. मग एखाद्या पावसाळी रात्री खांबावरून न्यूट्रलची तार तुटली, आणि इथे सत्तरी तालुक्यात फांद्या पडून तारा तुटणं नवीन नाही, तर गाडीच्या सबंध पत्र्यात २३० व्होल्ट उतरतात. ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून मूल गाडीचं दार उघडतं, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. मी त्या वायरमनला बाजूला घेऊन हे सगळं समजावलं. वयाने माझ्याहून मोठा आहे, मनाने भला आहे, त्याला कुणी शिकवलंच नव्हतं. ती तीन घरं त्याने नंतर दुरुस्त केली असं तो सांगतो, आणि मी त्याच्यावर विश्वास ठेवतो.

व्होल्टमीटर लावून पाहिलं. फेज आणि न्यूट्रलमध्ये २१८ व्होल्ट. फेज आणि अर्थमध्ये १४५. न्यूट्रल आणि अर्थमध्ये सत्तरच्या वर. हे शेवटचं दोन-तीन व्होल्टांच्या पलीकडे जाता कामा नये. अर्थ म्हणून जी तार होती ती कुठेच पोचत नव्हती. तिचा माग काढत गेलो तर पडवीच्या कोपऱ्याशी जमिनीत गेलेला जस्ताचा मुलामा दिलेला एक लोखंडी पाइप सापडला. घरात वीज आली तेव्हा पुरलेला. हाताने हलवला तर वरच्यावर मोडून आला. आत गंजाची पिवळी माती.

गोव्याची जमीन जांभ्याची. घरं बांधायला चिरा उत्तम, पण अर्थिंगला हा दगड वैरी. पावसात स्पंजासारखं पाणी धरतो, तेव्हा रीडिंग छान येतं. मार्च-एप्रिलमध्ये कोरडा ठणठणीत होतो आणि विजेला वाट देत नाही. म्हणून जुलैत घेतलेल्या रीडिंगवर खूश व्हायचं नसतं. नवा खड्डा कुठे घ्यायचा यावर ताईने मला न्हाणीमागची जागा दाखवली. “इथे बारा महिने ओल असते, माडाला कधी पाणी घालावं लागत नाही.” तिचं बरोबर होतं. तिथे खोदायला घेतलं. तीन फुटांवर चिरा लागला, पुढचं भोक मशीन आणून पाडलं. तांब्याचा मुलामा दिलेला रॉड, भोवती ओल धरून ठेवणारं केमिकल अर्थिंगचं कंपाउंड, वर झाकणाची चेंबर. दुसरा खड्डा दहा फुटांवर, दोन्ही पट्टीने जोडले. गाडीसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन, सहा एमएमची तांब्याची वायर, तिला जादा भार आला की पडणारा वेगळा एमसीबी आणि गळती लागताच पुरवठा तोडणारा आरसीसीबी, शिवाय विजांच्या कडकडाटासाठी सर्ज प्रोटेक्टर. मीटरवरचा मंजूर भार कमी होता, तो वाढवून घेण्याचा अर्ज वीज खात्यात दिला. अर्थचं रीडिंग आधी साठ ओहमच्या वर होतं, ते चारच्या आत आलं. सगळा खर्च बावीस हजार, माझी मजुरी सोडून.

चार्जर लावला, हिरवा दिवा लागला. ताईच्या सासूबाई पडवीतून उठून बघायला आल्या आणि म्हणाल्या, “म्हणजे आता फ्रीजला हात लावला की मुंग्या येणार नाहीत ना?” घरातल्या फ्रीजला कितीतरी वर्षं बारीक झिणझिणी होती. सगळे त्याला सरावले होते. गाडी आली म्हणून ती बंद झाली. मला या सबंध प्रकरणात सगळ्यांत जास्त समाधान कशाचं असेल तर त्या एका वाक्याचं.

हा खर्च शोरूमच्या कोटेशनात कुणी लिहीत नाही. जुन्या घरात इलेक्ट्रिक गाडी घेणाऱ्याने तो आधी धरावा, आणि गाडी बुक करण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं. त्या चार दिवसांत भावोजी पणजीला जुन्या गाडीनेच गेले. ती अजून विकली नव्हती म्हणून निभावलं.

रोजचं चार्जिंग म्हणजे काय, तर रात्री दहाला वायर लावायची. नव्वद किलोमीटरला मीटरवर तेरा युनिटं लागतात, पंधरा अँपिअरच्या सॉकेटवर चार तास. दोन वाजेपर्यंत झालेलं असतं. फास्ट चार्जरची त्यांना महिनोन्महिने गरज पडत नाही.

पावसाळ्याची भीती सगळ्यांना होती. पाणी बॅटरीत शिरेल का, हे पहिलं. बॅटरीची पेटी धूळ आणि पाण्याला बंद असते. साचलेल्या पाण्यातून बेताने गेली तर काही होत नाही. पण वाहत्या पाण्यात घालू नये, आणि ते पेट्रोल गाडीलाही लागू आहे. खरी अडचण पाण्याची नव्हती, विजेच्या खांबांची होती. जूनमध्ये एका रात्री वाऱ्याने झाड तारांवर पडलं आणि गावाची वीज दीड दिवस गेली. गाडीत तेव्हा ३८ टक्के होतं. पणजीला जाऊन यायला पन्नास टक्के तरी हवेत. भावोजी त्या दिवशी शेजाऱ्याच्या स्कूटरवरून साखळीपर्यंत आणि तिथून बसने गेले, भिजून आले. पेट्रोल गाडी असती तर हा दिवस आलाच नसता, हे मान्य करायला हवं. तेव्हापासून घरात नियम झाला: जून ते सप्टेंबर रोज रात्री वायर लावायची, कितीही चार्ज शिल्लक असो. आणि ढगांचा गडगडाट सुरू झाला की काढून ठेवायची. पहाटे पुन्हा लावली तरी दोन तासांत निम्मं काम होतं. त्या नियमानंतर चतुर्थीपर्यंत तीनदा वीज गेली, एकदाही अडलं नाही.

आता पुण्याची गोष्ट. भाची तिथे शिकते. डिसेंबरात तिला आणायला दोघं गाडीने निघाले. केरीतून चोर्ला घाट चढून जांबोटीमार्गे बेळगाव, तिथून कोल्हापूर, सातारा. घाटात गाडी किती खाईल याची भावोजींना धास्ती होती, म्हणून मी आदल्या दिवशी कागदावर काढून दिलं. गाडी आणि माणसं मिळून साडेचौदाशे किलो, सातशे मीटर उंची. निव्वळ वजन वर चढवायला पावणेतीन युनिटं, मोटरमधली घट धरून सव्वातीन. शंभर टक्क्यांवर निघालात तर घाटमाथ्यावर सत्तरच्या आसपास दिसेल. तसंच दिसलं. चढताना आकडा भराभर उतरतो तेव्हा छातीत धस्स होतं, पण तो उगाच उतरत नाही, उंचीत साठतो. परतीच्या वेळी घाट उतरताना मोटर जनरेटरसारखी चालून वीज बनवते, आणि खाली केरीत पोचले तेव्हा बॅटरी माथ्यावर होती त्याहून तीन टक्के जास्त होती. ब्रेकला पाय जवळजवळ लागला नाही. आमच्या जुन्या गाडीतून चोर्ला उतरलं की ब्रेक लायनिंगचा वास यायचा, तो आठवतो.

घाट सुखात गेला. त्रास झाला तो सपाटीवर, महामार्गावर. ताशी नव्वदच्या वर गेलं की हवेचा रोध वाढतो आणि युनिटला आठाचे साडेसहा होतात. वाटेत एका ठिकाणी दोन चार्जरांपैकी एक बंद, दुसऱ्यावर आधीच गाडी आणि तिच्यामागे आणखी एक. अॅपमध्ये दोन्ही चालू दिसत होते. तासभर थांबून मग स्वतःचा एक तास. जाताना एकूण बारा तास लागले. पेट्रोल गाडीने हाच रस्ता साडेआठ-नऊ तासांचा. शिवाय रस्त्यावरच्या चार्जरला युनिटमागे वीस रुपयांपर्यंत आणि कुठे त्याहून जास्त मोजावे लागले, म्हणजे महामार्गावर किलोमीटरला तीन रुपये. पेट्रोलपेक्षा निम्मं, पण घरच्या एक रुपयाच्या तिप्पट. ताईने परत आल्यावर स्पष्ट सांगितलं, “पुण्याला मी आता रात्रीच्या बसने जाईन.” तेच ठरलं. वर्षातून दोन-तीन फेऱ्यांसाठी रोजचा फायदा सोडायचा नाही, आणि त्या फेऱ्या या गाडीने करायचा हट्टही धरायचा नाही. मोठी बॅटरी घेतली असती तर एक थांबा वाचला असता. त्यासाठी आणखी तीन-चार लाख मोजणं त्यांना पटलं नाही, आणि मलाही नाही.

शेजारच्या कुळागरवाल्या काकांनी हे सगळं पाहून माझ्याकडे हिशेब मागितला. त्यांची गाडी महिन्याला सहाशे किलोमीटर चालते: वाळपईचा बाजार, फोंडा, एखादी जत्रा, देवदर्शन. वर्षाला ७,२०० किलोमीटर. त्यात २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. इलेक्ट्रिकचा आधीपासून पाचच आहे, तो तसाच राहिला. त्यामुळे अंतर उलट वाढलं. काकांच्या हातातल्या दोन कोटेशनांत ते तीन लाख साठ हजार होतं. भागिले पाच, बहात्तर हजार किलोमीटर. म्हणजे दहा वर्षं. मी त्यांना पेट्रोलचीच घ्या म्हणून सांगितलं. एकाच गावात, एकाच खांबावरून वीज घेणाऱ्या दोन घरांना मी दोन उलट सल्ले दिले, आणि दोन्ही मनापासून.

माझं स्वतःचं? मी फोंड्यात फ्लॅटमध्ये राहतो. दिवसाला पन्नास-साठ किलोमीटर हिंडतो, हिशेब माझ्या बाजूने आहे. पण गाडी लावायची जागा खाली, मीटर रूम इमारतीच्या दुसऱ्या टोकाला, मधली भिंत सामाईक. सोसायटीत दोनदा अर्ज दिला. काहीजण आगीची भीती घालतात, काहीजण म्हणतात एकाला दिलं तर सगळ्यांना द्यावं लागेल. हा दुसरा मुद्दा खरा आहे, आणि म्हणूनच सगळ्यांची मिळून एकदाच सोय करावी असं मी म्हणतो. २०२३ मध्ये मुख्यमंत्र्यांनी जानेवारी २०२४ पासून नवी पर्यटक वाहनं इलेक्ट्रिकच असतील अशी घोषणा केली होती. सरकारी कदंब महामंडळाच्या इलेक्ट्रिक बशी पणजीत फिरतात, त्या मला आवडतात. पण फोंडा, म्हापसा, मडगावच्या इमारतींच्या पार्किंगमध्ये सॉकेट कसा पोचणार, याबद्दल मला तितक्याच तळमळीने बोललेलं ऐकायचं आहे.

धुराबद्दल भाचीने विचारलं होतं, कारण तिच्या कॉलेजात कुणीतरी म्हणालं की कोळशाच्या विजेवर चालणारी गाडी काही स्वच्छ नाही. गोव्यात स्वतःचं मोठं वीजकेंद्र नाही. आपली वीज बाहेरून, बरीचशी कोळशाची येते. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सातशे ग्रॅमच्या वर कार्बन डायऑक्साइड धरतात. सात किलोमीटरने भागा, किलोमीटरला शंभर ग्रॅमच्या थोडं वर. पेट्रोलच्या एका लिटरमधून २.३ किलो निघतो; सोळाने भागलं तर एकशे चाळीसच्या वर, आणि त्यात तेल शुद्ध करण्याचा आणि वाहून आणण्याचा हिशेब नाही. फायदा आहे, पण धूर शून्य नाही. आणि वीज आणायलाही जंगल लागतं, हे मोलेच्या जंगलातून जाणाऱ्या तमनार वीजवाहिनीच्या वादात गोव्याने पाहिलं आहे. भावोजी आता छतावर तीन किलोवॅटचं सोलर बसवायच्या विचारात आहेत, केंद्राच्या योजनेत त्याला ७८,००० रुपये अनुदान मिळतं. गाडी दिवसा पणजीत असते, तेव्हा ऊन थेट गाडीत जाणार नाही. दिवसा ग्रिडला द्यायचं आणि रात्री घ्यायचं असं नेट मीटरिंग करावं लागेल. माडांच्या सावल्या छतावर कुठवर येतात ते पाहायला मी पुढच्या रविवारी जाणार आहे.

पहिल्या वर्षाचा मीटरचा हिशेब ताईने वहीत लिहून ठेवला आहे. गाडी २६,४०० किलोमीटर चालली, पुण्याची फेरी धरून. घरच्या बिलात वर्षाला जी वाढ झाली ती सत्तावीस हजारांच्या आत. पंपाची जुनी पावती तिने त्याच वहीत चिकटवली आहे. मधे एकदा गाडी सकाळी सुरूच झाली नाही, मोठी बॅटरी नव्वद टक्के भरलेली असताना. कारण निघालं आत बसवलेली साधी बारा व्होल्टची छोटी बॅटरी, ती उतरली होती. ती उतरली की गाडीचा मेंदूच जागा होत नाही. जंपर लावून दहा मिनिटांत काम झालं, आता एक जंपर केबल डिकीत असते.

न्हाणीमागच्या खड्ड्याचं रीडिंग मी गेल्या मेमध्ये घेतलं तेव्हा साडेचार ओहम होतं, दहा फुटांवरच्या दुसऱ्याचं सहाच्या पुढे. त्यात दोन बादल्या पाणी ओतून पुन्हा घेतलं, उतरलं. या मेमध्ये, जमीन सगळ्यांत कोरडी असेल तेव्हा, दोन्हींचं परत घ्यायचं आहे. काकांनीही सांगून ठेवलं आहे की गाडी पेट्रोलची घेतली तरी त्यांच्या घरचं अर्थिंग त्याच दिवशी बघून जा.